हेर आहोंचा गरुड

त्या वर्षीचा गरुड माझ्या हातून पडला.

गरुड लाकडाचा होता, हे आधीच सांगून टाकतो. पण लाकडाचा म्हणून त्याला हलका समजू नका. पंख पसरलेला, डोक्यावर मुकुट, एका पंजात राजदंड, दुसऱ्यात सोनेरी गोळा, आणि अंगानं आमच्या प्रोफेसरांसारखा आडवा. नाथराव किंजवडेकरांनी अख्खा हिवाळा तळघरात बसून तो कोरला होता. तो उचलून वर अंगणात न्यायचा, एवढंच काम होतं.

"तुम्ही शेपटी धरा, मी मान धरतो," नाथराव म्हणाले.

"छे हो, तुम्ही व्हा पुढं. मी आणतो एकटा."

मी तेव्हा कोलोनच्या विद्यापीठात रसायनशास्त्रात डॉक्टरेटसाठी संशोधन करत होतो. त्या वयात माणसाला सगळंच एकट्याला झेपेल असं वाटतं. त्यातून केटेवहिनींनी दर शनिवारप्रमाणे जिना मेण लावून चकचकीत केलेला, आणि घराच्या शिस्तीप्रमाणे माझे बूट दाराबाहेर. अर्ध्या जिन्यात माझे मोजे एका बाजूला गेले आणि गरुड दुसऱ्या. मी कठडा धरून थांबलो. गरुड थांबला नाही. एकेक पायरी वाजवत तो जिथून आला होता तिथं परत गेला.

नाथरावांनी वाकून पाहिलं. मानेपासून शेपटीपर्यंत, अगदी मधोमध, उभी चीर गेली होती.

"आल्झो," ते म्हणाले. जर्मन माणूस हा शब्द काहीच सुचत नसलं की वापरतो. "डॉक्टर, प्रयोगशाळेत बाटल्या अशाच धरता का?"

"नाथराव, मी..."

"बोलू नका. सरस तापवायला ठेवा. तेवढं शिकवलं असेल."

वरून केटेवहिनींचा आवाज आला, "अहो! काय पडलं?"

"डॉक्टर पडले!"

"मग ठीक आहे," वहिनी म्हणाल्या. "मला वाटलं, गरुड."

वहिनी अस्सल ऱ्हाईनकाठच्या. लग्नानंतर नाथरावांनी त्यांना पहिला मराठी शब्द शिकवला तो 'अहो'. आमच्याकडे बायको नवऱ्याला अशीच हाक मारते म्हणून. बाई चोख. तेव्हापासून हाक मराठीत आणि पुढची सगळी हजेरी जर्मनमध्ये. गावाला वाटलं, ह्या माणसाचं नावच ते. हेर आहो, म्हणजे श्रीयुत आहो. किंजवडेकर म्हणण्यापेक्षा सोपंही होतं. त्यामुळं खाटीक, पोस्टमन, स्टेशनमास्तर, असे सहा सहा फुटी मिशाळ बाप्ये नाथरावांना भर रस्त्यात "आहो!" म्हणून साद घालायचे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीच लाजून दुसरीकडं बघितलं होतं.

गावाचं नाव सांगत नाही. कोलोनच्या समोर, ऱ्हाईनच्या उजव्या अंगाला आहे, एवढं पुरे. मंडळी अजून तिथंच आहेत आणि त्यांचा नेम चांगला आहे.

नेम चांगला असण्याचं कारण म्हणजे तिथली ब्रुडरशाफ्ट, नेमबाजांचं बंधुमंडळ. आपल्या गणपतीच्या मंडळाला हिरवे कोट घाला, हातात बिअर द्या, की झालं तयार. तीच वर्गणी, तोच बँड, तीच मिरवणूक, तेच मांडवातलं भांडण. फक्त आपण मूर्ती पाण्यात सोडतो, हे खांबावर चढवून तिला गोळ्या घालतात. दर उन्हाळ्यात कुरणात उंच खांबावर लाकडी गरुड बसवायचा. आळीपाळीनं सगळ्यांनी नेम धरायचा. आधी मुकुट जातो, मग डोकं, मग पंख. शेवटचा तुकडा ज्याच्या गोळीनं खाली येईल तो वर्षभरासाठी राजा. गळ्यात चांदीची साखळी, बायको राणी, गावभर सलाम, आणि सगळ्यांची बिअर त्याच्या नावावर.

नाथराव एका यंत्रांच्या कारखान्यात अवजारं घडवायचे आणि रविवार मंडळाला द्यायचे. मंडळाच्या रायफली साफ करणं, कागदी निशाणं लावणं, गोळ्या वाटणं, सगळं त्यांच्याकडं. शेजारच्या गावांशी चुरस असली की मंडळ पहिल्यांदा त्यांनाच उभं करायचं. त्यांनी जिंकलेले चषक अध्यक्ष ब्रॉयरच्या गुत्त्यात काचेच्या कपाटात झळकत होते. अलीकडं गरुडही तेच बनवत. मात्र त्या गरुडावर गोळी झाडायची त्यांना बंदी. बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिक बंधूंनीच ती झाडायची, असा नियम. कागदावर मारायला हिंदू चालत होता, लाकडावर चालत नव्हता.

"मग घ्या की बाप्तिस्मा," मी एकदा थट्टेत म्हटलं होतं.

"पक्षी मारायला? आमच्या कोकणात कोंबडी मारायची तरी माणूस चार वेळा विचार करतो."

सरस लावून आम्ही गरुड शिकंज्यात आवळला आणि वाळायची वाट बघत तळघरातच बसलो. मला राहवलं नाही. "ब्रॉयरला सांगायला नको का?"

"सांगू? म्हणजे ते पुढच्या वर्षीपासून दुकानातून आणतील. मग हाही गेला हातचा. सरसाचा सांधा लाकडाहून पक्का असतो, डॉक्टर. मागं एकदा किडक्या लाकडाचा बसवला होता. मी नव्हता केला तो. लांडराटसाहेब, म्हणजे इथले कलेक्टर म्हणा, पाहुणे म्हणून आले होते. त्यांनी मानाची गोळी घातली आणि अख्खा गरुड खाली!"

"मग?"

"मग काय! आभाळाची इच्छा, म्हणाले सगळे. लांडराट राजा. जत्रा संपेपर्यंत त्याच्या पैशानं बिअर. गाव अजून नाव काढतं."

मानाची गोळी ही त्या दिवसाची सलामी. खरी चुरस सुरू व्हायच्या आधी पाद्रीबाबा, महापौर, कोणी पाहुणा, अशांनी एकेक बार काढायचा. गरुड धडधाकट असतो, त्याला काही होत नाही. टाळ्या होतात. आणि त्या वर्षी ब्रॉयरनं भर गुत्त्यात जाहीर केलं होतं की एक मानाची गोळी आहोंना. इतकी वर्षं मैदान सांभाळलं म्हणून. नियमात बसवायला त्यांना कागदोपत्री 'पाहुणे' केलं होतं.

"पाहुणे!" केटेवहिनी त्यावर कडाडल्या होत्या. "मी जन्मले त्या गावात माझा नवरा पाहुणा? वर्गणी घेताना कोण असतात हे?"

नाथराव मात्र खूश होते. कोटाला इस्त्री, हॅटला नवं पीस. पन्नाशीला टेकलेला माणूस मुंजीतल्या बटूसारखा दिसत होता.

"एवढं काय आहे हो त्यात?" मी विचारलं.

ते सरसाच्या भांड्यात काडी फिरवत राहिले. मग म्हणाले, "आमच्याकडं ठासणीची बंदूक होती. देवगडकडं, डुकरांसाठी. काका शिरोड्याला सत्याग्रहात मीठ उचलायला गेले आणि मामलेदाराचा हुकूम आला, बंदूक कचेरीत जमा करा. बाबा मला म्हणाले, तू नेऊन दे. त्यांना तिथं रडू आलं असतं. मी पोरगेला. आयुष्यात पहिल्यांदा बंदूक खांद्यावर घेतली ती परत करायला. डुकरांनी त्या वर्षी नाचणीचं एक कणीस ठेवलं नाही."

"परत मिळाली?"

"इंग्रजानं काय परत दिलंय? पुढं इकडं आलो काम शिकायला आणि लढाईत अडकलो. इंग्रजांची प्रजा म्हणून जर्मनांनी आधी कोंडलं, मग कारखान्यात माणूस कमी पडला म्हणून सोडलं. ह्याच घरात भाड्यानं राहत होतो. केटेचे वडील, म्हातारा वायलर, मंडळाचे जुने राजे. त्यांची स्वतःची रायफल होती, दस्त्यावर हरणं कोरलेली. आधी अमेरिकन आले. त्यांच्या झडतीतून म्हाताऱ्यानं ती धुराड्यात लपवून वाचवली. मग उन्हाळ्यात इंग्रज आले. हुकूम निघाला की हत्यार सापडलं तर फाशीसुद्धा होईल. केटे रोज रडायची. म्हातारा म्हणायचा, बागेत पुरू. शेवटी मीच घोंगडीत गुंडाळून घेऊन गेलो."

"तुम्ही?"

"इंग्रजी मलाच येत होतं ना. सार्जंट देवळालीला राहून आलेला. मला बघून हिंदुस्थानीत म्हणतो, 'कहाँ से चुराया?' मग स्वतःच हसला. रायफल ढिगावर फेकली. पुढं त्या ढिगावरून रोडरोलर फिरवला, खडी दाबतात तसा. म्हातारा त्यानंतर माझ्याशी बोललाच नाही. नाही, एकदा बोलला. आमच्या लग्नाच्या जेवणात, सगळ्यांसमोर. म्हणाला, 'तुम्हा लोकांना बंदुका नेऊन द्यायची सवयच आहे.'"

मला हसता येईना.

"केटे तेव्हापासून घरात बंदूक येऊ देत नाही. म्हणून मंडळ," नाथराव म्हणाले. "डॉक्टर, मला राजाबिजा व्हायचं नाही. एकदा गावासमोर बंदूक हातात असावी, म्हाताऱ्याच्या गरुडावर बार काढावा, आणि कुणी ती परत नेऊन दे म्हणू नये. बस."

दुसऱ्या दिवशी ऊन छान होतं. गरुड खांबावर चढला. चढवताना त्याच्या अंगातून एक जाड लोखंडी बोल्ट आरपार घालून नट आवळतात, आणि तो बरोबर त्या चिरेतून जातो, हे आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. नाथरावांचं डोकं मानाच्या गोळीनं गुंग झालेलं. माझं का चाललं नाही, याला कारण सापडत नाही.

पाद्रीबाबांनी नेहमीप्रमाणं आभाळात बार काढला. तिकडं त्यांची ओळख आहे. महापौरांनी शेपटीचं एक पान उडवलं. मग ब्रॉयरनं भोंग्यातून पुकारलं, "आणि आता आपले आहो!"

टाळ्या झाल्या. खऱ्या झाल्या, हे कबूल केलं पाहिजे. नाथरावांनी हॅट काढून वहिनींच्या हातात दिली. रायफल खांद्याला लावली. शोभेची गोळी असली तरी छातीतच मारायची, हे त्यांनी ठरवलेलं होतं. बार झाला.

क्षणभर काही नाही. मग सुतारकामात येतो तसा करकर आवाज आला आणि गरुडाचे दोन भाग बोल्टच्या दोन बाजूंनी खाली आले. खांबावर नुसता बोल्ट राहिला.

बँडवाल्यांचा यात दोष नाही. गरुड पडला की राजाची धून वाजवायची, एवढंच त्यांना माहीत. त्यांनी जोरात सुरुवात केली. मग क्लॅरिनेटवाल्यानं नाथरावांकडं बघितलं आणि तो थांबला. मग कर्णे थांबले. ढोलवाला थांबला. सगळ्यात मोठं वाद्य वाजवणाऱ्या जाड्याला समोरचं दिसत नव्हतं, तो बिचारा एकटाच बराच वेळ भों भों करत राहिला. बायकांच्या घोळक्यात केटेवहिनींनी दोन्ही हात तोंडावर धरले होते. त्या क्षणापुरत्या त्या राणी होत्या.

ब्रॉयर जवळ आला आणि त्यानं नाथरावांच्या हातातली रायफल काढून घेतली. हिसकावली नाही. पाहुण्याच्या हातातला रिकामा कप घ्यावा, तशी घेतली. मग कार्यकारिणी मांडवात शिरली.

नाथराव माझ्याकडं आले. चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. "सांधा सुटला हो डॉक्टर! बोल्टचं लक्षातच आलं नाही. झाली एवढी गंमत पुष्कळ झाली. सांगून येतो त्यांना, नाहीतर उगाच घोळ व्हायचा."

मी मागोमाग गेलो. माझ्या हातून पडला, हे मीच सांगणार होतो.

"ब्रॉयर, तो गरुड..." नाथरावांनी सुरुवात केली.

"गरुडाचं राहू दे, आहो. बस आधी." ब्रॉयरनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "वाईट वाटून घेऊ नकोस. तू आमचाच आहेस. पण राजाला चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसावं लागतं. साखळीवर संताची मूर्ती आहे. मिरवणुकीला शेजारची गावं येणार. लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतील?"

"ते तूच समजून घे."

"लांडराटच्या वेळी..."

"लांडराट लांडराट होता."

"तो कॅथलिक नव्हता," नाथराव म्हणाले. आवाज अजून चढला नव्हता. "प्रोटेस्टंट होता. तुम्हीच सांगितलं होतंत."

कार्यकारिणीतला एक जण मागून म्हणाला, "पण तो इथला होता."

"आणि हे कुठले?" मांडवाच्या दारातून केटेवहिनींचा आवाज आला. नवऱ्याची हॅट अजून त्यांच्या हातात होती. "पंचवीस वर्षं इथलं पाणी पितायत! तुमच्या कपाटातले चषक कुणाचे आहेत? लांडराटचे?"

पाद्रीबाबा आपल्या पेल्यातला फेस बघत बसले.

"मानाची गोळी धरायची नाही, असं ठरलंय," ब्रॉयर म्हणाला. "एकमतानं. आणि आहो, एक काम होतं. तुझ्या तळघरात दुसरा गरुड असेल ना? लोक खोळंबलेत."

मी नाथरावांकडं बघत होतो. जे सांगायला ते एवढ्या उत्साहानं आले होते ते त्यांच्या ओठांपर्यंत आलेलं मला दिसत होतं. ते त्यांनी गिळलं.

"आहे," ते म्हणाले. "पुढच्या वर्षीचा. अजून रंग दिलेला नाही."

"चालेल, चालेल. गेनाऊ, अगदी बरोबर! मी म्हटलं नव्हतं?" ब्रॉयरनं सगळ्यांकडं बघितलं. सगळ्यांना हायसं वाटलं.

घराकडं जाताना मी म्हटलं, "नाथराव, मी जाऊन सांगतो. माझ्या हातून पडला, फुटका होता. म्हणजे निदान..."

"तुम्ही तोंड उघडायचं नाही," ते एकदम ओरडले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. "फुटका म्हटलं की त्यांना कारण मिळेल. आत्ता त्यांच्याकडं कारण नाहीये. राहू दे तसंच."

दुसरा गरुड आम्ही दोघांनी मिळून नेला. मी शेपटी धरली, त्यांनी मान. पांढरं लाकूड, मुकुट नाही, डोळे नाहीत. संध्याकाळपर्यंत तो खाटकाच्या जावयानं पाडला. त्याआधी त्याच्या इतक्या गोळ्या फुकट गेल्या की पाखरंसुद्धा निर्धास्त खांबावर येऊन बसत होती. प्रत्येक वेळी गोळी भरून रायफल त्याच्या हातात द्यायला नाथराव शेजारी उभे होते. ते काम त्यांचंच होतं, आणि त्या दिवशी दुसऱ्या कुणी ते मागितलंही नाही. बँडनं राजाची धून पुन्हा वाजवली. ह्या वेळी सगळ्यांनी एकदम थांबवली.

जेवायला बसलो तेव्हा वहिनींनी बटाटे वाढले, सॉसेज वाढलं, मला मोहरी लागते म्हणून तीही आणून ठेवली. मग नाथरावांना म्हणाल्या, "नाही म्हणता आलं नाही तुम्हाला? एक शब्द होता. नाही."

"लोक खोळंबले होते."

"मागितला, दिलात. घरातून उचलून, चालत जाऊन दिलात." त्यांचा आवाज फुटला. "माझ्या वडिलांना मी एवढी वर्षं दुष्ट म्हणत आले. त्यांनी तुम्हाला बरोबर ओळखलं होतं."

नाथराव बटाटा कुस्करत राहिले. मला वाटलं, ते म्हणतील, ती बंदूक मी तुझ्या बापाला फाशीतून वाचवायला दिली. त्यांनी मीठ मागितलं.

त्या दिवसापासून वहिनींनी 'अहो' म्हणणं सोडलं. काही सांगायचं असलं की समोर जाऊन उभ्या राहत. बाहेर गाव आहो आहो करत होतं आणि घरात ती हाक बंद, अशी उलटी तऱ्हा.

मला वाटलं, मंडळाचा संबंध आता संपला. माझा जीव उलट हलका झाला होता. म्हटलं, रविवारी नाथराव घरी असतील, पत्ते खेळू, वहिनींना हसवू. पुढं एका रविवारी नेहमीप्रमाणं जेवायला गेलो, तर वहिनी एकट्याच. मान न वळवता म्हणाल्या, "मैदानावर."

मी तडक गेलो. नाथराव पडवीत बाकावर बसले होते. पुढ्यात मंडळाच्या रायफली ओळीनं मांडलेल्या, हाताला तेल, मांडीवर फडकी. नळीतून चिंधी ओढायची, उजेडाकडं धरून आत बघायचं, पुसायचं, पुढची घ्यायची. खाटकाचा जावई साखळी घालून शेजारून गेला आणि पाठीवर थाप मारून म्हणाला, "काय आहो, माझी जरा नीट पुसा हं, डावीकडं मारते!" नाथरावांनी मान हलवली.

माझा तोल गेला. "तुम्हाला लाज नाही वाटत?" मी मराठीत म्हणालो, तिथं ते सुरक्षित होतं. "ह्यांनी तुम्हाला एवढं केलं, घरात वहिनी बोलत नाहीत, आणि तुम्ही ह्यांची हत्यारं पुसताय? कशाला येता अजून इथं?"

नाथरावांनी हातातल्या रायफलीच्या नळीत डोळा लावून पाहिलं, आणि ती खाली न ठेवता म्हणाले,

"बंदुका यांच्याकडं आहेत."